हळू बोला

चियातुरात माणसं तारेवरून घरी येतात.
खाली दरी, दरीत नदी, मँगनीजनं काळी.
वर लोखंडी डबा,
आणि वरच्या टोकाला खटका धरून बसलेला
माझा नवरा, ओतार.
मोटार कधी कण्हते आणि कधी नुसतीच दमते
हे त्याला झोपेतही कळतं.

म्हणून पहिल्यांदा त्यानंच ऐकलं.
"नेस्तान, ऊठ. हिचा श्वास अडकतोय."
तेकला, वय वर्षं चार,
मान मागे टाकलेली, तोंड उघडं,
अभ्रा लाळेनं भिजलेला.
घोरणं एखाद्या खाणीतल्या म्हाताऱ्याचं.
मग एकदम काहीच नाही.
ओतार बोटांवर मोजतो. सात. आठ. नऊ.
दहाव्याला ती हिसका देऊन श्वास ओढते,
कूस बदलते,
आणि आमचे दोघांचे जीव टांगणीला.
(हा शब्द त्याच्यापुढे काढू नका.
तो रोज दोनशे माणसं टांगतो.)

हिवाळाभर उपाय केले.
मिठाच्या पाण्याचे थेंब, औषधाचा फवारा,
शेजारच्या मझियानं दिलेला
अक्रोडाच्या पानांचा काढा, तो तर मीच ओतून दिला.
फवारा मारताना ओतार तिचे हात धरायचा
आणि खिडकीबाहेर बघायचा.

बालवाडीच्या बाई म्हणाल्या, पोर लक्ष देत नाही.
हाक मारली तर भिंतीकडे बघते.
मी घरी येऊन तिला रागावले.
मोठ्यानं रागावले.
तेवढंच तिला नीट ऐकू आलं असणार.

कुतायसीच्या डॉक्टर लामारांनी
नाकातून दोऱ्याएवढी नळी सरकवली,
पडद्यावर दाखवलं: ही वाट,
आणि ही वाट अडवून बसलेली
गुलाबी, गुबगुबीत गादी.
अ‍ॅडिनॉइड्स, त्या म्हणाल्या. सगळ्याच मुलांना असतात.
हिच्या जरा माजल्यात.
कानाची नळीही तिथंच उघडते,
तीही बुजली, आत पाणी साचलंय.
"तुम्ही बोलता ते तिला येतं ऐकू,
पण पाण्याखालून."
रागावल्याची गोष्ट मी त्यांना सांगितली नाही.

ऑपरेशन अर्ध्या तासाचं.
बाहेर बसून ओतारनं चौदा मोजले.
चौदा काय, ते मी विचारलं नाही.
शुद्धीवर आली ती भोकाड पसरून,
नाकाखाली रक्ताची सुकलेली रेघ,
आणि पहिलं वाक्य:
आइस्क्रीम दोन मिळणार होती.

त्याला आज अकरा दिवस झाले.
रात्री तोंड मिटलेलं असतं.
ओतार अजून उठतो, सवयीनं,
बोट मोजायला उचलतो, आणि ते परत ठेवतो.

"बाबा, तुला ग्रीसचा वास येतो."
चार वर्षांत पहिल्यांदा म्हणाली.
ओतारनं शर्ट बदलला,
आणि दिवसभर सगळ्यांना सांगत सुटला.
"आई, हे काय वाजतंय?"
फ्रीज.
"आणि हे?"
खालच्या मजल्यावरचा नळ.
"आणि हे?"
मला काही ऐकू येईना.

काल रात्री स्वयंपाकघरात आमचं जुंपलं.
माझ्या बहिणीकडून घेतलेले पैसे,
नवे डबे आले तर त्यांना
खटकेवाला लागणार की नाही,
नेहमीचंच, नेहमीच्याच पट्टीत,
दार सताड उघडं टाकून,
कारण दोन वर्षं ती ऐकतच नव्हती.

दारात ती उभी. अनवाणी.
दोन्ही कानांवर हात.
"हळू बोला ना.
मला ऐकू येतं."

ओतारनं खुर्ची मागे घेतली, ओढून नाही, उचलून.
मी तिला झोपवून आले,
दार लावलं,
आणि उरलेलं भांडण आम्ही कुजबुजत पुढे नेलं.

"किती द्यायचेत?"
मी आकडा सांगितला.
"किती?"
जन्मभर मोटारीशेजारी बसलेला माणूस,
त्याला दोनदा सांगावा लागला,
तोंड अगदी कानाशी नेऊन.