अकरा नंबर

रोज सव्वाअकराला शर्वाणीच्या मीटिंगमध्ये
बेंगळुरूचा साहेब तोंड अर्धं उघडं ठेवून थिजायचा.
आम्ही पावरलूमला दोष दिला,
केबलवाल्याला, ढगांना, तिच्या लॅपटॉपला.
सव्वाअकराला मी
मायक्रोवेव्हमध्ये ह्यांचं दूध तापवत असते.

मडिवाळप्पा आला. दारात चपला काढल्या,
फोन पुढं धरला. त्यात रंगीत टेकड्या,
पालथ्या टोपल्यांसारख्या, एकीवर एक.
"ही तुमची अक्का. ही वरची. ही समोरची."
देसूरकर. रुद्रव्वा_होम. ग्रेसी-२.
एकाचं नावच 'फुकट्यांनो लांब राहा'.
अख्खी वडगावची गल्ली सहा नंबरवर,
एका बाकावर दाटीवाटीनं.

"दोन पॉइंट चार म्हणजे पोस्टमन बघा,
हळू, पण आतल्या दारापर्यंत जातो.
पाचवाला जावई. जोरात येतो,
सोप्याच्या पुढं सरकत नाही."
मग भिंतीवर थापट मारून म्हणाला,
"ग्वाडी दप्प ऐत्री."
दीड हात तांबडा चिरा.
लूमचा आवाज झोपेत येऊ नये म्हणून
सासऱ्यांनी लावलेला.
आवाज येतोच. अडलं ते एवढंच.

आणि राउटर?
राउटर मी स्टीलच्या कपाटात ठेवला होता,
सुताची पूड बसू नये म्हणून.
कुलूप लावून.
मडिवाळप्पा हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

"एक, सहा, अकरा. एवढेच तिघं
एकमेकांना घासत नाहीत.
मधल्यात बसलात तर दोन्हीकडनं चावतात."

संध्याकाळी जिना चढून रुद्रव्वाकडं गेले.
दोन्ही भाषा दोघींना येतात,
पण हे कुठल्याच भाषेत सांगता येईना.
शेवटी बोटं काढली.
तू एक. मी अकरा.
"हन्नोंद?" म्हणाली, आणि मोजायला लागली.
दहा संपली.
अकराव्याला तिनं माझी करंगळी धरली.

आता राउटर सोप्यात, घड्याळाच्या खिळ्यावर.
घड्याळ फडताळात उताणं.
वेळ बघायला अजून मान तिकडंच वळते,
दोन हिरवे दिवे दिसतात.
आत शर्वाणी कुणाला तरी सांगतेय,
हो सर, येतोय आवाज, स्वच्छ येतोय.
सव्वाअकरा झाले असतील.
दूध गॅसवर आहे,
मी इथंच उभी आहे, उतू जाऊ नये म्हणून.