लेन्स जोडलेली नाही

तिबिलिसीत, कोरड्या पुलावर
त्सियालानं चादर अंथरून मांडलंय:
चमचे, पदकं, कान तुटलेली सुरई
आणि नवऱ्याची हेलिओस, अठ्ठावन्न मिलिमीटर.

"आत बुरशी आहे," ती आधीच सांगून टाकते,
"आणि थंडीत रिंग अडते. त्याचे गुडघेही अडायचे."

एल्गुजा भाव करत नाही. करायला हवा होता.
खिशातून अडॅप्टर काढतो, आटे बसवतो.
कॅमेरा म्हणतो: लेन्स जोडलेली नाही.

मेन्यूच्या पोटात, खूप खाली, एक ओळ असते
लेन्स नसतानाही फोटो काढू देणारी.
ती चालू करावी लागते.
मग सगळं हातानं.
उजेड, अंतर, धीर.

तो तिलाच चौकटीत घेतो.
रिंग खरंच अडते. जुनं ग्रीस कुरकुरतं,
फक्त दोन मीटरपाशी सैल पडते एकदम,
तिथं कुणीतरी फार वेळा थांबलेलं असावं.
भुवईवरचा तीळ जागेवर येतो
आणि मागचे चिनार
तिच्याभोवती गरगरायला लागतात.

ती चष्मा शोधते, पडद्यावर वाकून बघते.
"हं. तो काढायचा तेव्हाही
झाडं अशीच फिरायची.
मला वाटायचं, पिऊन आलाय."

चाळीस लारी. वर एक चमचा फुकट.

रात्री फाइलमध्ये सगळी नोंद:
तारीख, वेळ, आयएसओ.
लेन्सच्या रकान्यात
नुसत्या दोन आडव्या रेघा.