बर्फाची जाडी, सेंटिमीटरमध्ये

इल्पो रौतियो रोज सकाळी गिरमिटाने समुद्राला भोक पाडतो,
पट्टी आत सोडतो, ओठ हलवत आकडा वाचतो
आणि धक्क्यावरच्या फळ्यावर खडूने लिहितो: एक्केचाळीस.
चाळिसावर मोटारी सोडायच्या. त्याखाली माणसं, तीही अंतर ठेवून.
पण फळा या बेटावर, आणि विचारणारे आखातापलीकडे,
म्हणून शाळेने टाकून दिलेला कॉम्प्युटर
त्याने सौनाच्या बाहेरच्या खोलीत, सरपणाला टेकवून मांडला.

पहिल्या रात्री तो एडिटरमध्ये शिरला, आणि बाहेर पडता येईना.
एस्केप दाबायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.
तासाभराने त्याने प्लग उपटला,
खडकात गळ अडकला की दोरी कापतात, तसा.

दुसऱ्या रात्री: परमिशन डिनाइड.
स्वतःच्या घरात, स्वतःच्या विजेवर!
ऐंशी नंबरचं दार म्हणे फक्त रूट उघडतो.
रूट कोण? तर इल्पोच, दुसरा पासवर्ड घातलेला.
चाळीस हिवाळे बर्फावर काढलेल्या माणसाला
हे पटायला आणखी दोन रात्री गेल्या.

मग कुठेतरी माशी शिंकली.
उणे सव्वीसात माशी कुठली,
पण शिंकली: एक अर्धविराम राहिला होता.
सर्व्हर शब्दही न बोलता मेला.
चुकलं तरी गप्प, बरोबर आलं तरी गप्प.
वडील असेच होते, इल्पो म्हणाला, सरपणाला.

शुक्रवारी पडद्यावर आलं: एक्केचाळीस.
त्याने ओउलूला बहिणीला फोन लावला.
"तेल्लेर्वो, बघ."
"काय बघू? इथे काही नाही."
१२७.०.०.१ म्हणजे आपणच आपल्याला मारलेली हाक,
हे त्याला फोन ठेवल्यावर कळलं.

खरा पत्ता सापडला, तर आता ४०३. मनाई.
तेल्लेर्वो हसली, मग हसायची थांबली.
पुस्तकात लिहिलं होतं: सात म्हणजे सगळं काही,
पाच म्हणजे वाच, आत ये, पण लिहू नकोस.
सातशे पंचावन्न.
एवढं मात्र त्याला एका वाचनात समजलं.
पाहुण्याने बूट काढून आत यावं, कॉफी घ्यावी,
चुलीतलं लाकूड हलवू नये.

पहाटे लॉगमध्ये दोन ओळी.
एक तेल्लेर्वोची, २००.
दुसरी कुठल्याशा परक्या पत्त्याची, तीन वाजून बारा मिनिटांची.
त्याने बर्फाचा आकडा मागितलाच नव्हता.
मागितली होती ती फाईल, जिच्यात घरमालक लिहून ठेवतो
फिरत्या यंत्रांनी कुठे कुठे जाऊ नये ते.
ती नव्हतीच. ४०४.

इल्पो त्या ओळीकडे बघत बसला.
इतक्या रात्री, इतक्या थंडीत,
उंबऱ्यावर थांबून आधी विचारणारा.
आणि आपण उत्तर लिहून ठेवलं नव्हतं.

मग गिरमीट उचलून तो बाहेर गेला.
आज त्रेचाळीस.
सवयीने आधी फळ्यावरच लिहिलं.
खडू ओला होता, तीनचा आठ झाला.
त्याने मोज्याने पुसलं, आणि पुन्हा, सावकाश, तीन काढला.