तिसरी टोपी

आमच्या घरी डबलरोटीच्या टोकाला टोपी म्हणत.
एका डबलरोटीला टोप्या दोन,
आणि आम्ही भावंडं तीन.

सकाळी साडेसहाला बाबा लोको शेडमधून सुटायचे,
सायकल थेट सदरला,
नखांत इंजिनाचं तेल तसंच.
न्यामतभाईच्या भट्टीवर मे महिन्यातही गर्दी.
"अंदर आओ साब, बाहर से ठंडा है,"
हे तो दरवर्षी म्हणे
आणि बाबा दरवर्षी हसत.

संघमित्रा मोठी, म्हणून एक टोपी तिची.
धाकटा रडका, म्हणून दुसरी त्याची.
मी मधला.
मधल्याला मधलंच मिळतं,
मऊ, पांढरं, चहात पडलं की गेलं.

बाबा हे कधीतरी भट्टीवर बोलून गेले असावेत.
एके दिवशी कागद सोडला
तर आत टोप्या तीन.
आईनं दोनदा मोजल्या.
"चुकीनं आली असंल बाप्पा, उद्या देऊन द्या त्याले."
उद्याही तीन.
परवाही.
न्यामतभाईनं पैसे तेवढेच घेतले
आणि बोलला काहीच नाही.

खालून जराशी जळकी, वरून बदामी,
दाताखाली कर्र वाजणारी.
ती खाऊन रात्री मी पडल्या पडल्या विचार करायचो:
नागपुरात कुठंतरी
एक डबलरोटी रोज बोडकी घरी जाते.

लग्नानंतरचा पहिला रविवार.
निरुपमा, माहेर छावणीतलं, वडील पोस्टात,
रश्शात तुकडा बुडवत सांगत होती:
"आमच्याकडंही न्यामतभाईचीच यायची.
पण एका बाजूनं नेहमी उघडी.
पप्पा म्हणत, हा माणूस आपल्याले टोपी घालून राहिला!
त्यांचे पुढचे दात सायकलवरून पडून गेलेले,
कडक काही चावत नव्हतं,
तरी रोज मोजायचे."

"मग बेकरी नाही बदलली?" आईनं विचारलं.

"छे. दुसरीकडची चालायची नाही त्यांना."

माझा घास हातातच राहिला.
बाबांनी वर पाहिलं नाही,
वाटी जवळ ओढून घेतली फक्त,
आणि कान लाल.

सासऱ्यांना अजून सांगितलेलं नाही.
ते आले की मी चहा ठेवतो
आणि बशीत दोन्ही टोप्या.
ते बोटानं मोजतात, एक, दोन,
मग एकेक बुडवून धरतात
बराच वेळ,
मऊ होईस्तोवर.