लहान अक्षरं

तार्तूमध्ये हिवाळ्यात दुपारी साडेतीनलाच दिवे लागतात.
यूलो खिडकीकडे पाठ करून बसतो.
नदी गोठली की नाही, ते त्याला
आत येणाऱ्यांच्या बुटांवरून कळतं.

बावीस अक्षरांचा एक तुकडा.
पेशीत फिरतो, निरोपांच्या लांबलचक ओळी चाचपतो,
सात अक्षरं जुळली
की ओळीच्या तोंडावर हात ठेवतो.
एवढंच काम. नुसतं गप्प करणं.
कुणाला गप्प करायचं ते चुकत गेलं
की मूत्रपिंड जुन्या वणासारखं
घट्ट होत जातं.

यूलोचं सॉफ्टवेअर ती जुळणी शोधतं.
वरच्या मजल्यावरून हेल्मी नमुन्यांचे आकडे धाडते,
हा यादी धाडतो: आठशे बारा जनुकं.
"आठशे?" ती फोनवर. "पैसे तिघांपुरते आहेत माझ्याकडे."
मग चाळणी, चाळणीखाली आणखी चाळणी,
आणि उरलेल्या तिघांतलं
एकही प्रयोगात खरं उतरत नाही.
असे दोन हिवाळे.

इथे मराठीत सांगताना मी जरा अडते.
आपली अक्षरं एका रेषेला लटकलेली,
त्यांच्यात थोरली-धाकटी नाहीत.
त्यांच्या फायलींत असतात.
जनुकाचा जो भाग तेच तेच पुटपुटत राहतो
तो कुणीतरी, कधीतरी, लहान लिपीत टाकून ठेवला.
पुसला नाही. आवाज तेवढा उतरवला.
आणि यूलोच्या प्रोग्रॅममधल्या एका ओळीला
मोठीच अक्षरं वाचता येत होती.

मंगळवारी सापडलं.
त्याने ती ओळ बदलली,
चहावर साय धरेपर्यंत सगळं पुन्हा चालू दिलं.
यादीत एक नाव वर आलं,
आधी कधीच नसलेलं.
फोन न करता तो जिना चढून गेला.

हेल्मीने हातमोजे काढले. "कधीपासून?"
"पहिल्या दिवसापासून."
ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग शीतकपाटाकडे बघत म्हणाली,
"एकेचाळीस नंबरचा थोडासा उरलाय.
बाई आता नाहीत. नमुना आहे."

रात्री यूलोने सगळ्या वापरणाऱ्यांना कळवलं:
दोन वर्षांच्या याद्या कृपया पुन्हा काढा, चूक माझी.
खाली नाव लिहिलं,
पहिलं अक्षरसुद्धा मोठं न करता.
दमला होता म्हणून असेल,
कोण जाणे.