आठ ओळी

तपकीर गल्लीतून कार्ड आणलं तेव्हा
दुकानातला बोथरा म्हणाला,
"मॅडम, आता रेंडर म्हणजे चहा होईपर्यंत."
मी चहा केला. प्यायले.
गुरुवार, नळाला पाणी नाही,
पिंपातल्या तांब्याभर पाण्यात कप विसळला.
परत येऊन बघते तर सात टक्के.

प्रोसेसर नव्वद अंशांवर कण्हत होता
आणि नवं कार्ड, एकवीस हजार, सहा हप्ते,
दोन्ही पंखे थांबवून
मांडवात रुसलेल्या व्याह्यासारखं बसलेलं.
मेनूत हार्डवेअर एन्कोडरची ओळ करडी,
कितीही दाबा, दबत नाही.

ड्रायव्हर काढला, घातला, पुन्हा काढला.
बायोसमध्ये शिरून दोन गोष्टी बदलल्या,
कुठल्या ते आता आठवत नाही.
केबल या भोकातून त्या भोकात.
शेवटी काळ्या खिडकीत पांढरी अक्षरं:
सक्षम उपकरण आढळले नाही.
इतकं स्वच्छ वाक्य
मला सासरीसुद्धा कुणी ऐकवलं नव्हतं.

पाचला हसन मुलाणी आले, पेन ड्राइव्ह घ्यायला.
स्वारगेटच्या एसटी वर्कशॉपमध्ये छत्तीस वर्षं,
त्यांच्याच निरोप समारंभाची ही फिल्म.
म्हटलं, काका, झालं नाही अजून.
ते खुर्चीवर बसलेच नाहीत,
कॅबिनेटवर तळहात टेकून उभे राहिले,
बोनेटवर ठेवतात तसा.
"नवीन काय घातलंत?"
कार्ड.
"आणि जुनं?"
ते काढलं, पोराला दिलं.
"नट काढला हो. वॉशर आत राहिला असेल तर?"

मग म्हणाले, "किती गोष्टी बदलल्यात एकदम?"
मी बोटं मोजायला लागले
तेव्हा त्यांनी दुसरीकडे बघितलं,
शिकाऊ पोराची लाज राखतात तसं.

बायोस होतं तसं केलं.
सेफ मोडमध्ये जाऊन
जुन्या कार्डाचा ड्रायव्हर मुळासकट उपटला,
मागे राहिलेल्या फायलींसकट,
ज्या गेलं वर्षभर
स्वतःला घरमालक समजत होत्या.
नवा एकच घातला. रिस्टार्ट.
करडी ओळ काळी झाली.
पंखे फिरले. आधी एक, मग दुसरा.
"आता लाइनीत आलं," काका म्हणाले, डोळे मिटून.

अकरा मिनिटांत फिल्म तयार.
हार, शाल, डेपो मॅनेजरचं लांबलेलं भाषण,
मागे जॅकवर चढवलेली लाल गाडी.
आणि स्क्रीनच्या तळाशी
या टोकापासून त्या टोकापर्यंत
हिरवी पट्टी.

"हे गवत कसलं?"

मी समजावत गेले:
यंत्र चित्राचे सोळा-सोळा ओळींचे तुकडे पाडतं.
उंची एक हजार ऐंशी.
सदुसष्ट तुकडे पुरे बसतात, अडुसष्टावा अर्धाच भरतो.
उरतात आठ ओळी,
ज्या कुणी शूट केल्या नाहीत.
तिथे ते शून्य भरतं,
आणि या हिशोबात शून्याचा रंग हिरवा.
छान दिसतंय की, मी उगाच म्हटलं, थकले होते.

ते बराच वेळ त्या पट्टीकडे बघत राहिले.
तिच्यावर सगळ्यांच्या चपला उभ्या होत्या,
जाधवांची, पठाणची, शिकाऊ पोरांची.
"काढा ते," म्हणाले.
"त्या जमिनीत डिझेल मुरलंय, मॅडम.
छत्तीस वर्षांत एक पातं उगवलं नाही.
गवत दिसलं तर लोक म्हणतील
वर्कशॉप बंद पडलं."

आठ ओळी कापायला सांगितल्या.
पुन्हा अकरा मिनिटं.
या वेळी ते बसले,
आणि मी खरंच चहा टाकला.