पाच काडतुसं

कागदावर वनखात्याचा शिक्का होता,
साहेबाची वळणदार सही:
रानडुक्कर, नग दोन, पंधरा दिवसांत.
तरी नारबा घाडी बेड्याबाहेरच थांबला,
दुनळी मोडून हातावर आडवी धरली,
दोन्ही भोकांतून अंगणातलं ऊन
आरपार दिसेल अशी.
म्हणाला, "बाय, सरकारान हो म्हटल्यान.
आता तुका इचारतंय."

बेडं म्हणजे काय, तीन वासे.
बकरीसुद्धा ढकलून आत येते.
सासऱ्यांनी गडगा घातला
तेव्हा चिरे कमी पडले, तेवढीच ती वाट.

मी अटी सांगितल्या.
सहा वर्षांमागे जीपमधून कोण कोण आले होते,
कुणी विचारलं नव्हतं.
कोपऱ्यातल्या कलमात त्यांचे छर्रे अजून आहेत,
साल वरून वाढत गेली,
बोट फिरवलं की लागतात.
म्हणून दारू नाही.
विहिरीच्या अंगाला बार नाही.
पिल्लं सोबत असली तर हात आखडायचा.
आणि जखमी होऊन पळालं
तर काळोख झाला म्हणून घर गाठायचं नाही,
शोधायचं, संपवायचं, मग जेवायचं.
काडतुसं जाताना मोजायची, येताना मोजायची.

तो मान हलवत राहिला,
जणू अटी त्याच्या बापाने घातल्या होत्या
आणि मी नुसत्या वाचून दाखवत होते.
"माजी एकच," म्हणाला.
"आमी परत येयसर
तू भायर पडा नको."

पाच काडतुसं. तांबडी, बुडाला पितळ.
ओटीवर मोजली.
तो गेला, मागे बॅटरी घेऊन भाचा उमाजी.

मार्गशीर्षातली रात्र, काजूला नुकता मोहोर,
खाली कुणकेश्वराच्या बाजूने समुद्राची घरघर.
कान सड्याकडे लावून बसले होते बाराची वाट बघत,
तर गोठ्यातून दावं तुटल्याचा आवाज
आणि पाडीची घंटा
करांद्याच्या मांडवाकडे लांब लांब जाणारी.

मोबाईलचा उजेड पाडून मी तशीच धावले.
शब्द दिला होता,
हे आठवलं तेव्हा
पाडी परत खुंट्याला बांधून झाली होती.

बार झालाच नाही.

पहाटे नारबाने ओटीवर काडतुसं मांडली.
एक. दोन. तीन. चार.
पाचवं खिशातून नव्हे, मुठीतून आलं,
गरम, घामाने ओलं.
"गावलो नाय?"
"गावलो. वीस पावलार हुबो होतो.
पन पाठी उजेड होतो."
उमाजीने तोंड उघडलं.
नारबाने त्याच्याकडे नुसतं बघितलं.
"काजवो आसतलो," म्हणाला.

मार्गशीर्षात काजवे नसतात.
त्याला ठाऊक, मला ठाऊक,
त्या भाच्यालाही ठाऊक.
माझ्या लुगड्याच्या काठाला कुसळं लागली होती,
पाय दवाने भिजलेले, तळव्याला तांबडी माती.
नारबाची नजर तिथे पोचली
आणि पोचलीच नाही असं दाखवून
वर बंदुकीच्या पट्ट्यावर गेली.
मी चहा ठेवते म्हटलं.
माझंच चुकलं, हे काही म्हटलं नाही.

दुसऱ्या रात्री डुक्कर आला,
सवडीने मांडव उकरून गेला.
मी आतून ऐकलं. दिवा लावला नाही.

इथली रीत अशी:
ज्याच्या जमिनीत जनावर पडतं
त्याच्या घरी पहिला फरा जातो.
माझ्या जमिनीत काहीच पडलं नव्हतं.
उरलेसुरले करांदे बादलीत भरले,
निम्मे सुळ्यांनी चिरलेले,
आणि घाडीवाडीची पायवाट धरली.

नारबाच्या घराला बेडं नाही, गडगाही नाही,
फक्त शेणाने सारवलेल्या खळ्याची कड.
मी कडेपाशी थांबले,
बादली खाली ठेवली,
हात मोकळे दिसतील असे धरले
आणि हाक दिली,
"येव काय?"